घड्याळ कुणाचं, तुतारी कुणाची आणि आईची भाऊबीज

(ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. रेकॉर्डिंग : डिसेंबर २०२४)



मागून ट्रकचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. मी चिखलीत बसलोय, रात्रीचे अकरा वाजलेत, सेकंड शिफ्टच्या बसेस यायला लागल्यात आणि साने चौक काही झोपायला तयार नाही.

विधानसभेचा निकाल लागून थोडेच दिवस झालेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज केले, की राजकारणावर बोल. मी टाळत होतो. कारण राजकारणावर बोलायचं म्हणजे मला आमच्या घरातलं बोलावं लागतं. पण म्हणलं, आता बोलूयाच.

तर आमच्या घरात पाच वर्षं भांडण होतं. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि आमचा मामा यांच्यात. शेतीवरून नाही, पैशावरून नाही. घड्याळाच्या एका स्टिकरवरून.

आम्ही मूळचे जुन्नर तालुक्यातले. बाबा भोसरी एमआयडीसीत लागले म्हणून आम्ही चिखलीकर झालो. आईचं माहेर खेड तालुक्यात. दादाकडे छोटा हत्ती आहे, तळवड्यातून चाकणला माल टाकतो. मामा जुना शिवसैनिक. शिवाजीराव आढळराव २००४ ला पहिल्यांदा खासदार झाले, तेव्हा मतदारसंघाचं नाव खेड होतं. २००९ पासून शिरूर झालं. त्या सगळ्या निवडणुकांत मामाने स्वतःच्या खिशातलं पेट्रोल जाळून प्रचार केलाय. दादा मात्र राष्ट्रवादीचा.

एप्रिल २०१९. लोकसभेचा प्रचार जोरात होता. एका बाजूला आढळराव, चिन्ह धनुष्यबाण. दुसऱ्या बाजूला डॉ. अमोल कोल्हे, चिन्ह घड्याळ. कोल्हे काही आठवड्यांपूर्वीच शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आलेले. त्यात मामाच्या गावची जत्रा आली. दादाने छोटा हत्ती नेऊन मामाच्या दारात लावला, मागच्या काचेवर हे एवढं मोठं घड्याळ. मामा म्हणाला, "हे माझ्या दारात नको." दादा म्हणाला, "गाडी माझी आहे." शब्दाने शब्द वाढला. मामाने दादाची कॉलर धरली, दादाने हात झटकला, मामा ओट्यावरून खाली पडला. पाहुणे जेवायला बसलेले, तसेच पानावरून उठले.

२३ मे ला निकाल लागला. कोल्हे सुमारे ५८ हजार मतांनी निवडून आले. दादाने फॅमिली ग्रुपवर एक मीम टाकलं. कसलं ते सांगत नाही, पण वाईट होतं. दोन मिनिटांत ग्रुपवर दिसलं, मामा 'लेफ्ट'.

त्यानंतर आईने पाच भाऊबीजा भावाशिवाय काढल्या. २०१९ ते २०२३. दर वर्षी ताट तयार करायची, आणि चंद्राला ओवाळून ते देवघरात ठेवून द्यायची. आम्हाला काही बोलायची नाही. ते जास्त लागायचं.

आता इथून राजकारण सुरू होतं, नीट ऐका.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. आढळराव एकनाथ शिंदेंसोबत गेले. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. मामा म्हणत असणार, चला, साहेबही आपला आणि बाणही आपला. मग २ जुलै २०२३ ला अजित पवार सरकारमध्ये गेले, राष्ट्रवादी फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने राष्ट्रवादी हे नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिलं. शरद पवारांच्या पक्षाला मिळाला तुतारी वाजवणारा माणूस. महायुतीत शिरूरची जागा गेली अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे. त्यांना उमेदवार हवा होता, आढळरावांना तिकीट हवं होतं. मार्च २०२४ मध्ये आढळराव राष्ट्रवादीत गेले.

म्हणजे काय झालं बघा. तेच दोन उमेदवार, तोच मतदारसंघ. ज्यांनी २०१९ ला घड्याळाच्या विरोधात लढाई केली, ते २०२४ ला घड्याळ घेऊन उभे. आणि जे घड्याळावर जिंकले होते, ते घड्याळाच्या विरोधात. माझ्या मामाला घड्याळाचा प्रचार करायची वेळ आली आणि माझ्या दादाने ब्लेड घेऊन काचेवरचं घड्याळ खरवडलं.

मी दादाला खरवडताना बघत होतो. हसू आलं नाही मला. मनात आलं, या स्टिकरसाठी मामा ओट्यावरून पडला?

१३ मे ला मतदान, ४ जूनला निकाल. कोल्हे पुन्हा जिंकले, या वेळी जवळपास १ लाख ४० हजारांनी.

आता थोडं थांबून हे समजून घेऊ, की पक्ष असे का फुटतात आणि चिन्ह कुणाला जातं. फार जणांना वाटतं हे आत्ताच सुरू झालं. तसं नाहीये. तुमच्या आजोबांना विचारा, काँग्रेसचं चिन्ह काय होतं? ते म्हणतील बैलजोडी. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली, इंदिरा गांधींच्या काँग्रेसने १९७१ ची निवडणूक गाय-वासरावर लढवली. पुढे पुन्हा फूट पडली, तेव्हा कुठे हाताचा पंजा आला. चिन्हाचा वाद सोडवायचा नियम १९६८ च्या आदेशात आहे. त्याच्या १५ व्या परिच्छेदात म्हटलंय, की एकाच पक्षाचे दोन गट दावा करत असतील तर खरा पक्ष कोणता हे आयोग ठरवेल.

मग नवीन काय झालं? १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा आला, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची. त्यात एक सवलत होती, एक तृतीयांश आमदार किंवा खासदार एकत्र फुटले तर त्यांचं पद वाचायचं. २००३ मध्ये घटनादुरुस्ती करून ती सवलत काढून टाकली. आता वाचायचं तर दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं. मग हुशार लोकांनी तिसराच रस्ता काढला. पक्ष सोडायचाच नाही. "आम्हीच पक्ष" असं म्हणायचं. महाराष्ट्रात दोन वेळा हेच झालं, आणि दोन्ही वेळा आयोगाने निवडून आलेल्यांचं बहुमत कुणाकडे आहे ते धरून निर्णय दिला. हे बरोबर की चूक, याची केस सुप्रीम कोर्टात अजून चालू आहे. म्हणूनच घड्याळाच्या जाहिरातीत "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" असं लिहायला कोर्टाने सांगितलंय. वाचलंय का कधी? मीही नव्हतं वाचलं.

आणि चिन्हाचा घोळ साधा नसतो बरं का. २०२४ ला काही अपक्षांना नुसती 'तुतारी' हे चिन्ह मिळालं होतं, वाजवणारा माणूस नसलेली. साताऱ्यात त्या अपक्षाला पडलेली मतं जिंकणाऱ्याच्या आघाडीपेक्षा जास्त होती. ती सगळी चुकूनच पडली असं मी म्हणणार नाही. पण विचार करा, साठी-सत्तरीतली माणसं, आयुष्यभर एक चित्र बघून बटण दाबलं, आणि अचानक चित्र बदललं.

आमच्या भोसरी विधानसभेचंही तसंच. महेश लांडगे २०१४ ला अपक्ष निवडून आले, २०१९ ला आणि आत्ता २०२४ ला कमळावर. पिंपरी-चिंचवड महापालिका अनेक वर्षं राष्ट्रवादीचा गड. २०१७ ला १२८ पैकी ७७ जागा भाजपच्या. त्यातले किती चेहरे आधी दुसऱ्या झेंड्याखाली दिसायचे, ते तुमच्या वॉर्डातल्या चहावाल्याला विचारा, तो यादी सांगेल.

देशाचंही बघा. १९८९ ते २०१४ एकाही पक्षाला लोकसभेत स्वबळावर बहुमत नव्हतं. मग भाजपला २०१४ ला २८२, २०१९ ला ३०३. २०२४ ला २४०, म्हणजे पुन्हा मित्रपक्षांवर सरकार. राज्यात जूनमध्ये ४८ पैकी ३० खासदार महाविकास आघाडीचे, आणि पाचच महिन्यांनी २८८ पैकी २३० आमदार महायुतीचे. कोण म्हणतं लोकांची मतं ठरलेली असतात?

तर मुद्दा असा, की पक्ष हलतात. सगळीकडे हलतात. मग आपण कशाला धरून राहायचं?

याचं उत्तर मला एका मोमोवाल्याने दिलं.

आमच्या घराजवळ एक दाई मोमोजची गाडी लावतो. नेपाळमधल्या रुकुम भागातला. जिथून माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं, त्याच पट्ट्यातला. १९९६ ते २००६ दहा वर्षं ते चाललं, सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली. शाळेतून पोरं उचलून न्यायचे म्हणून याच्या बापाने याला चौदाव्या वर्षी भारतात पाठवून दिलं.

नोव्हेंबर २००६ ला तिकडे शांतता करार झाला. बंदुका संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली कंटेनरमध्ये कुलूपबंद केल्या. २००८ ला संविधान सभेची निवडणूक झाली आणि कालपर्यंत जंगलात असलेले माओवादी पहिल्या नंबरवर आले. २०१३ ला पुन्हा निवडणूक, आणि माओवादी तिसऱ्या नंबरवर! रडारड केली, मतमोजणीवर आरोप केले, पण शेवटी सभागृहात येऊन बसले. कंटेनरकडे परत गेले नाहीत. पुढे दोन मोठे कम्युनिस्ट पक्ष एक झाले, नाव ठेवलं नेपाळ कम्युनिस्ट पार्टी. २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हे नाव आधीच दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं आहे, आणि एकीकरणच रद्द केलं. झाले परत वेगळे. इंग्रजीत त्या पक्षालाही एनसीपीच म्हणायचे, हे सांगितल्यावर दाई इतका हसला की मोमो करपले. २०२२ ला तर निवडणुकीच्या काही महिने आधी निघालेला घंटी चिन्हाचा पक्ष २० जागा घेऊन गेला.

मी दाईला विचारलं, एवढे पक्ष फुटतात, जुळतात, तुला राग नाही येत? तो म्हणाला, "पार्टी टूटती है तो टूटने दो भाऊ. घर में बंदूक नहीं आनी चाहिए."

मी घरी येऊन खूप वेळ त्या वाक्याचा विचार करत होतो. ज्या माणसाने खरी अशांतता बघितलीय, त्याच्या लेखी शांततेची व्याख्या किती साधी आहे. हरलेला माणूस घरी जाऊन झोपतो आणि पुढच्या निवडणुकीची वाट बघतो. संपलं. पक्ष एकसंध राहतो की नाही याच्याशी तिचा फारसा संबंध नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बंदुका आहेत? नाहीत, देवाची कृपा. पण आपण अगदी साधेसुधेही नाही हं. १ जानेवारी २०१८, कोरेगाव भीमा. आपल्याच शिरूर मतदारसंघात. दगडफेक, जाळपोळ, एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी ३० जुलैला चाकण. आरक्षणाच्या आंदोलनाचा बंद होता, दुपारनंतर बस पेटल्या, पोलीस जखमी झाले, जमावबंदी लागली. इथल्या कितीतरी पोरांना त्या दिवशी कंपनीतून घरी यायला मध्यरात्र झाली.

माझा एक मित्र त्या गर्दीत होता. त्याने दगड उचलला होता, हे तो स्वतः कबूल करतो. का उचलला, तर सगळे उचलत होते. आज तो तिशीत आहे. कुठल्याही कंपनीत कायम व्हायचं म्हणलं की चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात, आणि याच्या पोटात गोळा येतो. तारखांना सुट्टी टाकतो, रोज बुडतो. या सहा वर्षांत राज्यातले नेते किती वेळा या स्टेजवरून त्या स्टेजवर गेले, मोजा. ज्यांनी एकमेकांना शिव्या घातल्या ते एकमेकांचे मंत्री झाले. माझ्या मित्राची तारीख मात्र तीच आहे. त्याचा पक्ष बदलून उपयोग नाही.

म्हणून मी असं म्हणत नाही, की राजकारण सोडा. उलट म्हणतो, जिथे जोर लावायचा तिथे लावा. स्टिकरला नको. शांतता ज्या दोन गोष्टींवर उभी आहे, तिथे लावा.

पहिली गोष्ट, मोजणीवर भरवसा. आत्ता मारकडवाडीचं नाव ऐकलं असेल. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं गाव. तिथल्या काही गावकऱ्यांना निकाल पटला नाही. त्यांनी ठरवलं, ३ डिसेंबरला आपणच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघू. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा नाहीतर विरोधात, एक गोष्ट माना. शंका दाबून मिटत नाही, दाखवून मिटते. आणि दाखवायचे काही रस्ते आपल्याकडे आहेत, फक्त माहीत नसतात. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर १७-सी नावाचा फॉर्म भरतात. त्या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली ते त्यात लिहितात आणि त्याची प्रत उमेदवारांच्या पोलिंग एजंटला द्यावीच लागते. मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळतो का बघायचं. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. आणि एप्रिल २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीन तपासून मागायची सोय दिली, खर्च भरून. हे पुरेसं आहे का, यावर वाद घालू शकता, घालाच. पण वाद घालण्याआधी एकदा पोलिंग एजंट म्हणून बूथवर बसा. रीलमधून जे कळत नाही ते तिथे दिवसभरात कळतं.

दुसरी गोष्ट, पुढची निवडणूक वेळेवर येणं. हरलेला माणूस शांत का बसतो? कारण त्याला माहीत असतं, परत संधी येणार. आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे बघा. महापालिकेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७. मुदत संपली मार्च २०२२ ला. तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टातल्या तारखा, कारणं खूप आहेत. पण आज पंचविशीत असलेल्या पोराने किंवा पोरीने आयुष्यात एकदाही नगरसेवकासाठी मत दिलेलं नाही, कारण २०१७ ला ती अठराची झालीच नव्हती. घरासमोर पाणी येत नाही, रस्ता खणून ठेवलाय, इंद्रायणीला फेस आलाय, तर जाऊन विचारायचं कुणाला? निवडून आलेला माणूसच नाही. १९९७ ला चिखली महापालिकेत आली. त्याआधी ग्रामपंचायत होती, सरपंचाला रस्त्यात अडवता यायचं. आज प्रशासकाला कुठे अडवणार?

यावर कुणी दगड उचलायला नको. पण यावर गप्पही बसायला नको. आमदार कुठल्याही चिन्हाचा असो, दोन्ही आघाड्यांना एकच प्रश्न विचारा, आमची महापालिकेची निवडणूक कधी?

आणि एक छोटं काम. आपल्या चिखलीत अर्धी लोकं बाहेरगावची. नाव लातूरला, बीडला, जळगावला, राहायला घरकुलात. मतदानाला गावी जायचं तर दोन दिवसांचा पगार जातो, मग राहूनच जातं. दाईचं तर अजून अवघड, त्याला दुसऱ्या देशात जावं लागतं. तुम्हाला ते करायची गरज नाही. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरा, नवीन नाव असेल तर फॉर्म ६. मोबाईलवरून होतं. हा भाग संपला की लगेच करा, नंतर म्हणाल तर विसराल.

बरं, मामाचं राहिलं.

या वर्षी ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. लोकसभा होऊन गेलेली, विधानसभा सतरा दिवसांवर. सकाळी दहाच्या सुमाराला खाली गाडीचा आवाज आला. आईने खिडकीतून बघितलं आणि काही न बोलता आत जाऊन निरांजनात तूप घातलं. मामा आला होता. का आला, कुणी बोलावलं, आम्ही विचारलं नाही. मला वाटतं तोही दमला असेल.

दादा खालीच होता, गाडी धूत होता. मी जिन्यावरून बघतोय, माझ्या छातीत धडधड. मामा छोट्या हत्तीच्या मागे जाऊन उभा राहिला. काचेवर खरवडलेल्या स्टिकरचा गोल डाग अजून होता, चिकटपणाला धूळ बसून काळा झालेला. मामाने त्यावर बोट फिरवलं आणि दादाला म्हणाला, "काय रे, माझं चिन्ह खरवडलंस होय?"

दादाच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. मग तो खाली वाकला आणि मामाच्या पाया पडला.

जेवताना मी मामाला विचारलं, मामा, खरं सांग, मे महिन्यात घड्याळाचं बटण दाबलंस का? मामाने दुसरी पुरणपोळी घेतली, म्हणाला, "मतदान गुप्त असतं. तुझ्या पॉडकास्टवर सांग सगळ्यांना."

सांगितलं.

विधानसभेला मामाच्या खेडमध्ये मशाल आली, आमच्या भोसरीत कमळ. दादा दोन दिवस तोंड पाडून होता. तिसऱ्या दिवशी तळवड्याचा माल घेऊन चाकणला गेला. फॅमिली ग्रुपवर मामा परत आलाय. आईने नियम केलाय, निकालाच्या दिवशी ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग टाकायचं.

चला, थांबतो. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, नाव न सांगता वाजवू. आणि ज्याच्याशी निवडणुकीवरून बोलणं बंद केलंय, त्याला हा भाग पाठवा. वर काही लिहू नका, नुसता पाठवा.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, हेल्मेट घाला. नमस्कार.